कोपऱ्यावरचीचं रक्त पुलापलीकडे

“कळलं का तुला? कोपऱ्यावरची पुलापलीकडे जाऊन रक्त देऊन आली.”

काकूंचा सूर असा होता की मला आधी वाटलं, रक्तदान केलं बिचारीने. मी मेथी विरळत होते. हात मातीतच ठेवून विचारलं, “कुठला पूल?”

“ऑग्डेन्सबर्गचा गं. चारशे सोळा हायवेने सरळ खाली, प्रेस्कॉटपाशी नदी ओलांडली की अमेरिका. नवऱ्याने रजा टाकली आणि हिला नेलं. तिथे एक डॉक्टर रोख पैसे घेऊन तपासतो म्हणे. त्याने रक्त काढून कुठल्याशा खाजगी लॅबला पाठवलं, आणि परवा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह! लाइम!”

लग्न ठरल्याची बातमी द्यावी तसा शेवटचा शब्द उच्चारला त्यांनी.

आमचं कनाटा म्हणजे ओटावाचं पश्चिमेकडचं उपनगर. घरांच्या रांगा संपल्या की रान लागतं. रानात हरणं, उंदीर आणि मे महिना लागला की गवताच्या पात्यांवर टपून बसलेल्या गोचिड्या. काकू मूळच्या बांद्याच्या, आता सुपर व्हिसावर मुलाकडे असतात. एरवी शुद्ध बोलतात, पण चिडल्या किंवा रंगात आल्या की मालवणीत शिरतात. मी इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. तिथे कोणाचं काय निघालं ते घरी आणत नाही. कोपऱ्यावरचीबद्दल मला जे कळतं ते सगळं कुंपणावरून, आणि काकूंना ते ती स्वतःच सांगते. आमच्या कुंपणाची एक फळी गेल्या हिवाळ्यात निखळली. ती अजून कोणी बसवलेली नाही, बसवण्याची घाईही कोणाला नाही.

“इथे दोनदा निगेटिव्ह, तिथे एकदाच केली तर पॉझिटिव्ह,” काकू म्हणाल्या. “इथली मशिनं जुनी असणार.”

आता हे मला लागलं. “काकू, मशिनं तीच असतात हो. रक्तही तेच. फरक आहे तो रेघा मोजण्यात.”

“कसल्या रेघा?”

मग मला सांगावंच लागलं. गोचीड चावून अंगात शिरणारे लाइमचे जंतू रक्तात फार काळ सापडत नाहीत. चामडीत, सांध्यात जाऊन बसतात. म्हणून आपण जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने काय तयार केलं ते शोधतो. आधी एक चाळणी चाचणी. ती निगेटिव्ह आली की तिथेच थांबायचं. पॉझिटिव्ह किंवा धूसर आली तर दुसरी, आणि जुन्या पद्धतीत ही दुसरी म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. कागदासारखी एक पट्टी असते, तिच्यावर जंतूंची वेगवेगळी प्रथिनं वजनाप्रमाणे पसरलेली. रुग्णाचं रक्त ज्या प्रथिनाला ओळखतं तिथे रेघ उमटते. जुन्या संसर्गासाठी दहापैकी पाच रेघा लागतात, ताज्यासाठी तीनपैकी दोन. हल्ली रेघांच्या जागी दुसरी एक चाळणीच लावण्याची रीतही आली आहे. अमेरिकेच्या एफडीएने तिला २०१९ साली मान्यता दिली.

“आणि चारच रेघा आल्या तर?”

“तर निगेटिव्ह.”

“चार रेघा दिसतायत आणि निगेटिव्ह? हा कुठला न्याय?”

काकूंचा हा प्रश्न माझ्या मते अगदी रास्त आहे, आणि गेली तीस वर्षं भांडण चाललंय ते नेमकं याच्यावर. एकेचाळीस नंबरची रेघ घ्या. ती जंतूच्या शेपटीतल्या प्रथिनाची. तशीच शेपटी असलेले कितीतरी दुसरे जंतू आपल्या तोंडात, पोटात येऊन जातात. त्यामुळे ज्याला आयुष्यात गोचीड चावली नाही त्याच्याही पट्टीवर एकेचाळीस उमटते. उलट एकतीस आणि चौतीस या दोन रेघा बऱ्यापैकी लाइमच्याच असतात, पण त्या उशिरा आणि मोजक्याच रुग्णांत दिसतात म्हणून नियमातून वगळल्या. खाजगी लॅबवाले म्हणतात, आम्ही त्या मोजतो, आणि आम्हाला कमी रेघा पुरतात.

“मग बरोबरच करतात ते!”

“काकू, हा पाच रेघांचा नियम केला कुणी, माहीत आहे? कॅनडाने नाही. १९९४ साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला बैठक झाली, तिथे ठरला. आपल्या विंडसरच्या पलीकडे डेट्रॉइट, त्याला लागून डिअरबॉर्न. ऑग्डेन्सबर्गचं इस्पितळसुद्धा तोच नियम लावणार. कोपऱ्यावरची पूल ओलांडून गेली खरी, पण तिने ओलांडली ती देशाची सीमा नव्हे. सगळ्यांना लागू असलेल्या नियमातून ती एका लॅबच्या घरच्या नियमात गेली.”

काकूंना हे पटलं नाही. त्यांनी लगेच हुकमी पान टाकलं. “ती नापनीची गाणारी पोरगी, अॅव्हरिल लव्हीन. पाच महिने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर काय म्हणाले? दमलीस, मन उदास आहे! २०१५ साली तिने स्वतः सांगितलं, लाइम होता. तो बीबर, आपल्या ऑन्टारियोचाच, त्यालाही. शनाया ट्वेनलाही.” नातवाच्या यूट्यूबवर काकूंचं सामान्यज्ञान असं बहरलंय की मला मधूनमधून भीती वाटते.

“त्यांना नव्हता असं मी कुठे म्हणते? लाइम खराच असतो. २००९ मध्ये अख्ख्या कॅनडात नोंद झाली १४४ जणांची. २०२१ मध्ये तीन हजारांवर. सत्तरच्या दशकात या देशात काळ्या पायांच्या गोचिड्यांची वस्ती माहीत होती ती एकाच ठिकाणी, ईरी सरोवराच्या काठी लाँग पॉइंटला. आता हिवाळे मऊ झालेत. पक्षी अंगावर गोचिडीची पिल्लं घेऊन उत्तरेला येतात, ती इथे तगतात. अमेरिकेत तर वर्षाला पावणेपाच लाख लोकांवर लाइमचे उपचार होतात असा तिथल्या सीडीसीचा अंदाज आहे.”

“मग हिलाच का नसेल?”

इथे मी जरा थांबले. शेजारणीच्या आजाराबद्दल तिच्या पाठीमागे मत देणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण कुंपणावर उभं राहून गप्प बसायचं तर घरात बसून वरण तरी लावावं.

“असूही शकेल. पण बघा, गोचीड चावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत चाचणी निगेटिव्ह येणं अगदी नेहमीचं. शरीराला वेळ लागतो. म्हणूनच अंगावर चट्टा दिसला की शहाणा डॉक्टर रक्ताची वाट बघत नाही, गोळ्या चालू करतो. हिचं दुखणं दोन वर्षांचं. सांधे धरतात, डोकं जड, झोपून उठली तरी थकलेली. इतक्या दिवसांच्या लाइममध्ये, त्यातून सांधे सुजत असतील तर, इथली चाचणी बहुतेक वेळा पॉझिटिव्ह येतेच. तीच दोनदा निगेटिव्ह आली तर थायरॉइड बघा, संधिवात बघा, झोपेत श्वास अडकतो का बघा, कोविडनंतरचं काही आहे का बघा. पाळी जायच्या दिवसांतही बाईची अशी दैना होते, ते कोण बघतं?”

“चट्टा तिला दिसलाच नव्हता,” काकू म्हणाल्या.

“दहांतल्या दोघातिघांना उठतच नाही. आणि आपल्या सावळ्या कातडीवर उठला तरी पुस्तकातल्यासारखी लालभडक वर्तुळं दिसत नाहीत. जांभळट, काळपट डाग दिसतो, खरचटल्यासारखा. डॉक्टरांनाही चटकन उमगत नाही. हे मात्र मी तिच्या बाजूने बोलतेय, लिहून ठेवा.”

तेवढ्यात काकूंचा कुत्रा मोत्या आला, कुंपणाच्या भगदाडातून तोंड घालून माझ्या मेथीचा वास घेऊ लागला. काकूंनी त्याला ओढलं आणि त्यांना एकदम आठवलं.

“अगो, ह्या मोत्याची टेस्ट तुका ठाऊक आसा मां? गुरांच्या डॉक्टराने एक थेंब रक्त घेतलं, छोट्याशा डबीत घातलं, चहा व्हायच्या आत निकाल. लाइम पॉझिटिव्ह! कुत्र्याला दहा मिनिटांत कळतं, आणि माणसाला दोन वर्षं नाही. कुत्र्याला लससुद्धा आहे. माणसाला आहे का?”

“होती की. १९९८ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाली, २००२ च्या फेब्रुवारीत कंपनीने मागे घेतली. सांधे दुखतात म्हणून बोंब झाली, खप पडला. गंमत म्हणजे ती लस त्या एकतीस नंबरच्या रेघेच्या प्रथिनापासूनच बनवलेली. आता नवी चाचणीत आहे. पण ते राहू द्या. मोत्या पॉझिटिव्ह आल्यावर डॉक्टरने काय दिलं?”

“काही नाही. लघवी तपासली, ठीक आहे म्हणाला. चालता-फिरता कुत्रा आहे, लक्ष ठेवा.”

“बघा! मोत्याला गोचीड चावली, शरीराने नोंद घेतली, संपलं. बहुतेक कुत्री आजारी पडतच नाहीत. मोत्याचा पॉझिटिव्ह तुम्ही लगेच मान्य केलात आणि त्याला औषध न देणंही मान्य केलंत. हीच गोष्ट माणसाच्या बाबतीत कोणाला ऐकायची नसते. चाचणी सांगते की भेट झाली होती. आजचं दुखणं त्या भेटीचंच की दुसऱ्या कशाचं, ते चाचणीला विचारून उपयोग नाही.”

काकू मोत्याकडे अशा बघत राहिल्या जणू त्यानेच हा युक्तिवाद केला.

“आणि घरच्या नियमांची गंमत ऐका. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लाइमवरच काम करणारी मंडळी आहेत. त्यांनी २०१४ साली छापलं. चाळीस धडधाकट माणसांचं रक्त वेगवेगळ्या लॅबना दिलं. एका खास लॅबने आपल्या नियमाने निम्म्याहून जास्त लोकांना पॉझिटिव्ह ठरवलं. ज्यांना काही होत नव्हतं अशांना! उद्या मी तुमचं रक्त पाठवलं तर तुम्हीही पॉझिटिव्ह येऊ शकाल.”

“माझं कशाला?” काकूंनी पदराशी चाळा केला. “पण त्या लॅबला सरकारी सर्टिफिकेट आहे. तिने मला दाखवलं.”

“असेल. ते सर्टिफिकेट लॅब नीट चालवली जाते याचं. त्या चाचणीने आजार बरोबर ओळखला जातो याचं नव्हे. लॅबने स्वतः बसवलेल्या चाचणीला वेगळी मंजुरी लागत नाही, अशी तिथली रीत.”

आता काकू खरंच चिडल्या, म्हणजे भाषा पूर्ण बदलली. “माका शिकवू नको गो! आमच्या बांद्याक माकडताप इलो तेव्हा रक्त मणिपालाक जायचां. महाराष्ट्राची हद्द ओलांडून कर्नाटकात! तेव्हा कोण म्हणलो नाय, थयसरचो रिपोर्ट आमी मानूचे नाय म्हणान. गोचीड तीच, ताप तोच, मग हयसरच कित्याक हो तमाशो?”

हा मुद्दा काढणारी बाई ओटावात एकटीच असेल. दोडामार्ग, बांदा आणि पलीकडे गोव्यातलं सत्तरी या भागात २०१५-१६ पासून गोचिडीतूनच येणाऱ्या माकडतापाने माणसं गेली, काजूच्या बागेत जाणारी माणसं. काकूंच्या नात्यातही कोणी होतं, ते त्या सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

“काकू, माकडताप विषाणूचा. पहिल्या आठवड्यात विषाणूच रक्तात सापडतो. आहे किंवा नाही. मणिपालला बघा, पुण्याला बघा, उत्तर एकच. आणि दोन्हीकडे नियमही एकच. तिथे हद्द ओलांडली कारण जवळ सोय नव्हती. हिला इथे सोय होती, उत्तर आवडलं नाही.”

“उत्तर नाही आवडलं असं नाही गं,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. मालवणी गेली होती. “उत्तर दिलंच नाही कोणी. फॅमिली डॉक्टर निवृत्त झाला, दुसरा मिळत नाही. वॉक-इनमध्ये दर वेळी नवा चेहरा. सात मिनिटं. निगेटिव्ह आहे, ताण घेऊ नका, निघा. पुलापलीकडच्या त्या माणसाने तिला दीड तास ऐकून घेतलं. लहानपणापासूनचं विचारलं. ती गाडीत बसल्यावर रडली म्हणे, रिपोर्ट यायच्या आधीच.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. या प्रांतात लाखो माणसांना फॅमिली डॉक्टर नाही. आणि खरं सांगायचं तर लाइमची गोष्टच मुळी अशा एका न ऐकलेल्या बाईपासून सुरू होते. मी काकूंना पॉली मरेबद्दल सांगितलं. कनेटिकटमधल्या लाइम गावाच्या या बाई. घरातली मुलं, नवरा, स्वतः, सगळे वर्षानुवर्षं आलटूनपालटून आजारी. सांधे सुजलेले, अंगावर चट्टे. डॉक्टरांना वाटे, बाईच्या मनाचे खेळ. तिने वहीत लिहायला सुरुवात केली, कोणाला कधी काय झालं. १९७५ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. तिच्यासारखाच आणखी एका आईनेही केला. मग येलचे अॅलन स्टीअर नावाचे तरुण डॉक्टर आले, घरोघर फिरले, आणि लहान मुलांचा संधिवात म्हणून जो चालला होता तो वेगळाच आजार निघाला. जंतू हाती लागायला आणखी काही वर्षं गेली. विली बुर्गडॉर्फर यांना तो सापडला, त्यांचंच नाव त्याला दिलं.

“म्हणजे आईने सांगितलं तेच खरं ठरलं,” काकू विजयाने म्हणाल्या.

“हो. पण तिने वही आणली होती काकू, लॅबचा रिपोर्ट नव्हे. कोणीतरी बसून ती वही वाचली. कोपऱ्यावरचीला तेवढंच हवं होतं, आणि त्यासाठी तिने हजारावर अमेरिकन डॉलर मोजले. पैसे ऐकून घेण्याचे होते, पावती मात्र चाचणीची मिळाली.”

“सरकार काही करत नाही का?”

“केलं ना. एलिझाबेथ मे बाईंनी संसदेत विधेयक आणलं, २०१४ च्या डिसेंबरात लाइमवर स्वतंत्र कायदा झाला. २०१६ ला इथेच ओटावात परिषद झाली, रुग्ण आले, आपली कहाणी सांगून रडले. २०१७ ला आराखडा प्रसिद्ध झाला.”

“आणि?”

“आराखडा प्रसिद्ध झाला.”

काकू खोखो हसल्या. मग म्हणाल्या, “पण आता तिला औषध तरी मिळालं. सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्यात.”

मला याचीच धास्ती होती. सुरुवातीच्या लाइमला डॉक्सीसायक्लिन दोन आठवडे, बस. काही लोकांना, शंभरात पाच-दहांना, उपचारानंतरही थकवा आणि दुखणं राहतं, ते खोटं नव्हे. पण महिनोन्महिने अँटिबायोटिक दिलेल्यांची आणि न दिलेल्यांची तुलना अमेरिकेत झाली, नेदरलँड्समध्ये झाली. जास्त दिवस घेणाऱ्यांना जास्त बरं वाटलं नाही, पोटाचं मात्र वाटोळं होऊ शकतं. त्यात अमेरिकन डॉक्टरची चिठ्ठी इथलं औषधांचं दुकान घेत नाही. म्हणजे दर खेपेला पुन्हा चारशे सोळा, पुन्हा पूल, पुन्हा त्या कस्टमवाल्याला ‘कशाला आलात’ याचं उत्तर.

“तिला माझ्याकडे पाठवा,” मी म्हटलं. “रिपोर्ट घेऊन. मी रेघा कुठल्या आल्यात ते बघते. नर्स प्रॅक्टिशनरचं एक क्लिनिक नवे पेशंट घेतंय, तिथे नाव घालायला सांगते. दोन वर्षांचं सगळं एका कागदावर लिहून न्यायचं.”

“बघते. पण तू तिला निगेटिव्ह म्हणू नकोस हं एकदम. नाराज होईल.” काकू वाकून पायाला खाजवायला लागल्या. गुडघ्याच्या मागे. बराच वेळ.

“काय झालं?”

“काय नाय गो. सकाळी एक चिकटली होती. काढलंय.”

“काय चिकटली होती?”

“तीच. तुजी गोचीड. खसखशीएवढी. काल सकाळी मोत्याक घेवन रानाच्या वाटेन गेल्लंय, तेव्हाच लागली असतली.”

अर्धा तास ही बाई मला ऑग्डेन्सबर्ग, अॅव्हरिल आणि मणिपाल ऐकवत होती! मी मेथी टाकून उभी राहिले. “कशाने काढली? रॉकेल तर नाही लावलंत?”

“इथे रॉकेल खंय मिळता? गावाक असतंय तर लावलंच असतंय. चिमट्यान ओढली.”

“सरळ ओढलीत? तोंड आत राहिलं नाही ना? बरं केलंत. रॉकेल, व्हॅसलिन काही लावायचं नसतं, ती आतलं सगळं आपल्या अंगात ओकते. कुठे आहे ती?”

“सिंकात टाकलंय. गेली वाहान.”

“काकू!”

“नातवान फोटो काढलोहा ना पण. शाळेत दाखवूक.”

त्या पोराचं भलं होवो. फोटो ई-टिकवर पाठवला की कुठली गोचीड ते ओळखून सांगतात. काल सकाळी लागली, आज सकाळी काढली, म्हणजे चोवीस तास झालेच असतील. काढल्यापासून बहात्तर तासांच्या आत डॉक्सीसायक्लिनची दोनशे मिलिग्रॅमची एक मात्रा घेतली की पुष्कळसं काम होतं. २०२३ च्या जानेवारीपासून ऑन्टारियोत यासाठी डॉक्टरही लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला फार्मासिस्टच चिठ्ठी लिहू शकतो.

“रक्त तपासायला नको?” काकूंनी विचारलं. चेहऱ्यावर थोडी निराशा होती.

“आज तपासून काही दिसणारच नाही. फोटो घ्या, व्हिसाच्या इन्शुरन्सचं कार्ड घ्या. तुम्हाला ओहिप, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, नाही; फार्मासिस्टच्या तपासणीचे पैसे कदाचित द्यावे लागतील, ते मागून घ्या इन्शुरन्सकडून.”

“आणि त्या इन्शुरन्सवाल्यांनी नाय दिल्यानी तर?”

“तर तुमच्या मुलाने द्यावेत. चपला घाला, मी गाडी काढते.”

काकू आत गेल्या, पुन्हा भगदाडाशी आल्या. “गो, वाटेत कोपऱ्यावरचीलाही घेऊया काय? दुकानात गर्दी नसते ह्या वेळेला. तिची ती पट्टी तुला दाखवील, बोलणंही होईल.”

“रिपोर्ट घेऊन ये म्हणा. आणि दोन वर्षांचं लिहायला वही.”

“वही नाय तिच्याकडे. मी देतंय माझी, हिशोबाची. मागची पानां कोरी आसत.”